हात पाहा, दागिने पाहा!

दोस्तांनो, सहलीचे दिवस आले की शाळाशाळांमधून एकच गडबड सुरू होते. कुणाची गाडी अजिंठ्याला, कुणाची वेरूळला, मुंबईकरांची कान्हेरीला. आणि सहलीहून परत आलेल्या कुणालाही विचारून बघा, ‘‘काय रे, वेरूळला काय पाहिलंस?’’ उत्तर ठरलेलं. ‘‘कैलास!’’ ‘‘आणखी?’’ ‘‘आणखी... बुद्धाच्या मूर्ती. खूप होत्या.’’ ‘‘कशा होत्या?’’ ‘‘सगळ्या सारख्याच!’’

झालं! वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध लेणी. त्यांतल्या कितीतरी मूर्ती आणि त्यामागची कितीतरी वर्षांची मेहनत या एका शब्दात गुंडाळून आपण डबा खायला बसतो.

पण त्या मूर्ती सारख्या नाहीत बरं का! त्यांतला एखादा बुद्ध उपदेश करतो आहे, दुसरा ध्यानात बसला आहे, तिसरा ‘भिऊ नका’ म्हणतो आहे. आणि त्यांतले काही तर बुद्ध नाहीतच. मग ओळखायचं कसं? मूर्तीखाली नावाची पाटी नसते. पण पाटीचं काम हात आणि दागिने करतात. शिल्पकारांनी ही एक भाषाच ठरवून ठेवली होती. अक्षर न येणाऱ्या माणसालाही ती वाचता यायची. आज आपण तिची बाराखडी गिरवू या.

पहिला प्रश्न : अंगावर दागिने आहेत का?

मूर्तीसमोर उभं राहिलात की आधी चेहरा पाहू नका. गळा, कान आणि दंड पाहा. तिथे काहीच नाही? साधं चीवर म्हणजे भिक्षूचं वस्त्र तेवढं आहे? मग तो बहुतेक बुद्ध. गळ्यात हार, दंडावर बाजूबंद, डोक्यावर मुकुट किंवा उंच बांधलेल्या जटा असतील, तर तो बहुतेक बोधिसत्त्व.

असं का? त्यामागे एक गोष्ट आहे. सिद्धार्थ हा शाक्य कुळातला राजपुत्र. घर सोडून निघाला तेव्हा त्याच्यासोबत होता कंथक नावाचा घोडा आणि छन्न नावाचा सारथी. राज्याची सीमा ओलांडल्यावर सिद्धार्थानं अंगावरचे सगळे दागिने उतरवले आणि छन्नाच्या हाती देऊन त्याला परत पाठवलं. तलवारीनं स्वतःचे लांब केस कापले. तेव्हापासून त्याच्या अंगावर दागिना नाही. बुद्धमूर्तीचा मोकळा गळा दिसला, की ही सगळी गोष्ट त्यात आली.

दागिने गेले, पण त्यांची एक खूण मात्र उरली. बुद्धाच्या कानाच्या पाळ्या पाहा. लांब, खाली लोंबणाऱ्या. राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांनी त्या ताणल्या गेल्या, असं सांगतात. म्हणजे कुंडलं नाहीत, पण ती कधी काळी होती हे पाळ्या सांगतात. शिल्पकाराची कमाल आहे की नाही?

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. डोक्यावर मध्यभागी उंचवटा असतो, त्याला म्हणतात उष्णीष. दोन भुवयांच्या मध्ये छोटा गोल ठिपका असतो, ती ऊर्णा. महापुरुषाची ३२ लक्षणं बौद्ध ग्रंथांत सांगितली आहेत, त्यांतली ही दोन. डोक्यावरचे केस म्हणजे बहुधा गोगलगाईच्या शंखासारखे छोटे छोटे उजवीकडे वळलेले कुरळे. लांबून पाहिलं तर टोपी घातल्यासारखं वाटतं!

मग बोधिसत्त्व म्हणजे कोण? जो बुद्ध होण्याच्या वाटेवर आहे, पण जगातल्या दुःखी माणसांना मदत करण्यासाठी जगातच थांबला आहे, तो. जगात थांबला म्हणून त्याचा वेषही जगातला, राजपुत्राचा. म्हणजे दागिने ही नुसती नटण्याची हौस नाही. ‘हा अजून आपल्यात आहे’ असं ते सांगतात.

दुसरा प्रश्न : हात काय करतो आहे?

हातांच्या ठरावीक ठेवणीला ‘मुद्रा’ म्हणतात. मुद्रा पुष्कळ आहेत, पण पाच पाठ केल्या तरी लेण्यांतल्या बहुतेक बुद्धमूर्ती तुम्हाला वाचता येतील. वाचताना स्वतः करून बघा. हातांना एकदा कळलं की डोकं विसरत नाही.

ध्यानमुद्रा. मांडी घालून बसा. दोन्ही तळवे वर करून मांडीवर एकावर एक ठेवा. झाली ध्यानमुद्रा. बुद्ध स्वतःच्या मनात डोकावतो आहे.

भूमिस्पर्शमुद्रा. डावा हात तसाच मांडीवर. उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडा आणि बोटांनी जमिनीला स्पर्श करा. ही जगातल्या एका विशिष्ट क्षणाची मुद्रा आहे. बोधगया इथे पिंपळाखाली सिद्धार्थ बसला होता. मनाला भुलवणारा मार आपली फौज घेऊन आला. त्यानं घाबरवून पाहिलं, आपल्या मुलींना नाचायला लावून भुलवून पाहिलं. शेवटी म्हणाला, ‘या आसनावर बसायचा तुझा हक्क आहे, याला साक्षीदार कोण?’ सिद्धार्थ एकटाच होता. त्यानं काहीच वाद घातला नाही. उजवा हात खाली नेऊन धरणीला स्पर्श केला. साक्षीला पृथ्वी! मार हरला. हा सगळा प्रसंग अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर कोरला आहे. हत्तीवरून येणारा मार, चित्रविचित्र तोंडांचे राक्षस, खाली नाचणाऱ्या मुली आणि या सगळ्या गोंधळात मध्यभागी तो एक शांत हात.

धर्मचक्रप्रवर्तनमुद्रा. दोन्ही हात छातीसमोर आणा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळवून एक गोल करा. डाव्या हाताची बोटं त्या गोलाला टेकवा. हे झालं चाक. बुद्धानं पहिला उपदेश काशीजवळ सारनाथच्या मृगवनात पाच भिक्षूंना केला, त्याला म्हणतात धर्माचं चाक फिरवणं. म्हणून अशा मूर्तीच्या आसनाखाली पुष्कळदा मध्ये एक चाक आणि दोन्ही बाजूंना बसलेली हरणं दिसतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात गेलात तर आसनाखाली वाकून बघायला विसरू नका. सारनाथच्या संग्रहालयात पाचव्या शतकातली जी सुप्रसिद्ध बुद्धमूर्ती आहे, तिच्याही आसनावर चाक, हरणं आणि ते पाच भिक्षू कोरलेले आहेत. आपल्या तिरंग्यावरचं चोवीस आऱ्यांचं चक्रही सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेलं. म्हणजे दर झेंडावंदनाला तुम्ही या मुद्रेच्या जवळपास जाऊन येता!

अभयमुद्रा. उजवा हात खांद्याइतका वर, तळवा समोर. चौकातला वाहतूक पोलीस ‘थांबा’ म्हणतो ना, तसाच. पण इथे अर्थ ‘थांब’ असा नाही, ‘भिऊ नकोस’ असा आहे. राजगृहात नालागिरी नावाचा पिसाळलेला हत्ती बुद्धावर सोडला होता, तो बुद्धासमोर येऊन शांत झाला, अशी कथा आहे. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात ती रंगवलेली आहे.

वरदमुद्रा. हात खाली सोडलेला, तळवा मात्र पुढे वळवलेला. कुणाला काही देताना होतो तसा. मुंबईच्या मुलांनी ही मुद्रा कान्हेरीत पाहावी. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन टोकांना दोन उभे बुद्ध आहेत, सात मीटरच्या आसपास उंच. आपली मान दुखते, पण त्यांचा हात आपल्यासाठी खालीच असतो.

या पाच मुद्रांखेरीज एक आडवी मूर्ती आहे, तिला ओळखायला मुद्रेची गरज नाही. अजिंठ्याच्या त्याच २६व्या लेण्यात, मारविजयाच्याच भिंतीवर, उजव्या कुशीवर पहुडलेला सुमारे सात मीटर लांबीचा बुद्ध आहे. कुशीनगरात दोन शालवृक्षांच्या मध्ये झालेलं हे महापरिनिर्वाण. घाई करू नका, तिथे दोन मिनिटं उभे राहा. खालच्या बाजूला शिष्य बसले आहेत, कुणी डोकं धरून, कुणी मान खाली घालून. वरच्या बाजूला देव मात्र आनंदात आहेत. एकाच घटनेकडे खालून बघणारे रडतात आणि वरून बघणारे वाजतगाजत स्वागत करतात. मधल्या चेहऱ्यावर दोन्हीपैकी काहीच नाही. नुसती झोप लागल्यासारखी शांती.

आणि हो, पायही पाहा. बुद्ध मांडी घालून बसलेला असेल असंच काही नाही. वेरूळच्या १०व्या लेण्यातला मोठा बुद्ध खुर्चीवर बसल्यासारखा दोन्ही पाय खाली सोडून बसला आहे. अशी बैठक आपल्याकडच्या लेण्यांमध्ये पुष्कळ ठिकाणी दिसते. शास्त्रात तिला प्रलंबपादासन असं भारदस्त नाव आहे. म्हणजे ‘पाय लोंबते सोडलेली बैठक’. एवढंच!

तिसरा प्रश्न : हातात आणि मुकुटात काय आहे?

आता दागिनेवाल्यांकडे वळू. बोधिसत्त्व एकच नाही, अनेक आहेत. त्यांची ओळख पटते ती हातातल्या वस्तूवरून आणि डोक्यावरच्या छोट्याशा खुणेवरून.

हातात कमळ असेल आणि मुकुटात किंवा जटेत एक चिमुकला ध्यानस्थ बुद्ध बसलेला असेल, तर तो अवलोकितेश्वर. हातात कमळ म्हणून त्याला पद्मपाणीही म्हणतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं जगप्रसिद्ध पद्मपाणीचं चित्र तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात असेल. जगाकडे खाली पाहणारा, म्हणून त्याची नजर खाली झुकलेली.

हातात वज्र असेल तर तो वज्रपाणी. पोथी किंवा तलवार असेल, तर ज्ञानाचा बोधिसत्त्व मंजुश्री. तलवार मारायला नाही हं, अज्ञान कापायला! मुकुटावर छोटा स्तूप आणि हातात पाण्याचा कमंडलू असेल तर तो मैत्रेय, म्हणजे पुढे कधीतरी येणारा बुद्ध. हातात निळं कमळ घेतलेली स्त्री असेल तर ती तारा, संकटातून तारून नेणारी.

अवलोकितेश्वराची एक मूर्ती मात्र सवड काढून पाहायलाच हवी. छत्रपती संभाजीनगरजवळ, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात जी औरंगाबाद लेणी आहेत, त्यांतल्या ७व्या लेण्याच्या दाराशी ती आहे. मध्ये अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंना चार-चार छोटे चौकोन. प्रत्येक चौकोनात एक संकट आणि त्यातून वाचवा म्हणून हात जोडणारी माणसं. आग, तलवार घेतलेला दरोडेखोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यूचा राक्षस. एकूण आठ भयं. आता विचार करा, ही आठच का? तेव्हाचे व्यापारी बैलांच्या तांड्यासोबत घाटातून, रानातून जायचे. कोकणच्या बंदरांतून गलबतं दूर देशी निघायची. वाटेत जे जे काही होऊ शकत होतं, त्याची ही यादी आहे! दगडात कोरलेली भीतीची यादी आणि शेजारी तिच्यावरचा उतारा. कान्हेरीच्या ९०व्या लेण्यातही असं शिल्प आहे. आणि तिथल्याच ४१व्या लेण्यात तर अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे. सगळ्या दिशांना बघायचं तर एक डोकं कसं पुरणार?

फसू नका!

खुणा सोप्या असल्या तरी काही ठिकाणी भलेभले फसतात.

वेरूळच्या ६व्या लेण्यात एक देवी आहे. शेजारी मोर. खाली एकजण पोथी वाचत बसलेला. मोर आणि पोथी पाहून कुणीही म्हणेल, ‘‘सरस्वती!’’ पण लेणं बौद्ध आहे. ही महामायूरी. मोर सापाला मारतो, म्हणून सर्पदंशापासून वाचवणाऱ्या देवीजवळ मोर. पोथीत मान घालून बसलेला तो विद्यार्थी मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशीचा वाटतो!

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एका छोट्या गाभाऱ्यात मांडीवर मूल घेतलेली एक स्त्री आणि तिच्या शेजारी एक धष्टपुष्ट पुरुष बसला आहे. अंगावर दागिने. राजा-राणी? नाही. ती हारिती आणि तो पांचिक. हारितीला स्वतःची पाचशे मुलं होती, तरी ती दुसऱ्यांची मुलं पळवून खायची. बुद्धानं तिचं सगळ्यात धाकटं मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत फिरली आणि बुद्धापाशी येऊन रडू लागली. बुद्ध म्हणाला, ‘पाचशेंतलं एक हरवलं तर तुझी ही गत, मग ज्यांना एकच होतं त्या आईचं काय झालं असेल?’ हारितीला कळलं. त्या दिवसापासून ती मुलांची राखण करणारी झाली. तिच्या पायांखालची पट्टी नक्की बघा. तिथे चक्क शाळा भरली आहे! पुढच्या रांगेतली मुलं गुरुजींकडे लक्ष देऊन ऐकताहेत आणि मागच्या रांगेत मस्ती चालू आहे. पंधराशे वर्षांत मागचा बाक काही बदललेला नाही.

तिसरी फसगत वेरूळच्या ३० ते ३४ या लेण्यांत होते. तिथेही शांत चेहऱ्याच्या, मांडी घालून बसलेल्या मूर्ती आहेत. पण त्या जैन तीर्थंकरांच्या. ओळखायचं कसं? एक म्हणजे या मूर्तींच्या अंगावर वस्त्र नसतं. आणि दुसरी खूण पुन्हा हातांचीच. तीर्थंकरांचे हात दोनच प्रकारे दिसतात. बसलेले असतील तर मांडीवर, उभे असतील तर दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. अभय नाही, वरद नाही, भूमिस्पर्श नाही. डोक्यावर नागाचा फणा असेल तर पार्श्वनाथ. अंगावर वेली चढल्या असतील तर तो बाहुबली, पण तो तीर्थंकर नव्हे.

आणि एक ताकीद. ‘दागिने नाहीत म्हणजे बुद्ध’ हा नियम आपल्या लेण्यांत चांगला चालतो, पण सगळीकडे नाही. बिहार आणि बंगालमध्ये पाल राजांच्या काळात मुकुट आणि हार घातलेले बुद्धही घडवले गेले. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. वेष, हात, आसनाखालचं चिन्ह अशा दोन-तीन खुणा जुळल्या तरच नाव घ्या. हुशार गुप्तहेर नाही का, एका पुराव्यावर कुणाला पकडत नाही!

टेकाडातले आठ जण

ही भाषा कामाला कशी येते याचा एक खराखुरा दाखला ऐका. मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याला एक टेकाड होतं. लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं. निघाला विटांचा स्तूप. त्याच्या पोटात दगडाची मोठी पेटी आणि पेटीत तांब्याचा करंडा. आणि त्या करंड्याभोवती गोल करून बसलेल्या धातूच्या आठ छोट्या मूर्ती!

कुणावरही नाव नाही. मग ओळखणार कसं? सात जणांच्या अंगावर भिक्षूचं साधं वस्त्र. आठव्याला मात्र मुकुट आणि दागिने. आता बौद्ध परंपरेत सात बुद्धांची यादी आहे : विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि सातवे आपले शाक्यमुनी गौतम बुद्ध. आणि त्यांच्यानंतर येणारा कोण? मैत्रेय. तो अजून बुद्ध झालेला नाही, बोधिसत्त्वच आहे, म्हणून त्याच्या अंगावर दागिने. सात अधिक एक, हिशेब जुळला! आठही मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. बघा, एका मुकुटामुळे आठ जणांची नावं लागली.

हात तुटला तर?

आता जरा गंभीर गोष्ट. लेण्यांत फिरताना तुमच्या लक्षात येईल, की मूर्तीचं धड शाबूत असतं, चेहराही बरा असतो, पण हात नसतात. कारण उघड आहे. हात हा सगळ्यात पुढे आलेला, सगळ्यात बारीक भाग. दगड पडला, धक्का लागला, कुणी लोंबकळलं, की आधी तोच जातो.

माणसाचा हात गेला तरी माणूस बोलू शकतो. मूर्तीचं तसं नाही. तिचं बोलणंच हातात असतं. हात गेला की वाक्य अर्धवट राहतं.

तरीही अभ्यासक हार मानत नाहीत. ते कोपर बघतात. कोपर वर वाकलेलं असेल तर अभय असू शकेल, हात सरळ खाली असेल तर वरद. छातीवर दगड खडबडीत राहिला असेल तर हात तिथे टेकलेले होते, म्हणजे धर्मचक्र असू शकेल. मग खाली वाकून चाक आणि हरणं आहेत का ते शोधायचं. गुडघ्यावर बोटांच्या खुणा उरल्या असतील तर भूमिस्पर्श. पण या खुणाही खरवडल्या गेल्या असतील तर? मग ती मूर्ती कायमची मुकी.

आणि मूर्ती मुकी नसली, पण वाचणारंच कुणी उरलं नाही, तरी काय होतं ते आपल्या महाराष्ट्रात घडून गेलं आहे. नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणू लागले. वेरूळच्या १०व्या लेण्यातला बुद्ध ‘विश्वकर्मा’ झाला आणि छताला कोरलेल्या लाकडी वाशांसारख्या कमानींमुळे ते लेणं ‘सुताराचं झोपडं’ झालं. यात त्या लोकांची चूक कसली? त्यांनी मूर्तींना प्रेमानं नवीन नावं दिली. जुनी भाषा सांगणारंच कुणी जवळ राहिलं नव्हतं. आता ती भाषा आपल्याला पुन्हा कळली आहे. ती पुन्हा हरवू द्यायची नाही, हे काम तुमचं-माझं.

म्हणून सहलीला गेलात की एवढं पाळा. मूर्तीला हात लावू नका. एका मुलाच्या बोटानं काही होत नाही, पण रोज हजार बोटं लागली तर घामानं आणि घर्षणानं दगड गुळगुळीत होतो, बारीक कोरीवकाम पुसट होतं. मूर्तीच्या मांडीवर बसून फोटो काढू नका. रंगवलेल्या लेण्यांत फ्लॅश मारू नका. आणि भिंतीवर नाव कोरायची खुमखुमी आलीच, तर आपल्या वहीत कोरा! संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे. १९५८च्या कायद्यात २०१० साली बदल झाल्यापासून त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण शिक्षेच्या भीतीनं नको. आपल्यामागून येणाऱ्या मुलाला ते वाक्य पूर्ण वाचता यावं, म्हणून.

आई-बाबांसाठी दोन ओळी

मुलांना लेणी दाखवताना एका दिवसात सगळी लेणी उरकायचा हट्ट धरू नका. चारच लेणी बघा, पण बसून बघा. एक वही आणि पेन्सिल द्या आणि एका मूर्तीचे फक्त हात काढायला सांगा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. काढताना जे दिसतं ते नुसतं पाहून दिसत नाही. सहल जमत नसेल तर घरापासून सुरुवात करा. महाराष्ट्रात कितीतरी घरांच्या भिंतीवर बुद्धाचं चित्र असतं, कपाटात छोटी मूर्ती असते. आपल्या घरातला बुद्ध कोणत्या मुद्रेत आहे, हे मुलांना विचारून बघा. आणि त्याआधी स्वतःला!

ओळखा पाहू!

१. साधं चीवर, मांडी घातलेली, डावा हात मांडीवर, उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली.

२. मुकुटात चिमुकला बुद्ध, हातात कमळ, गळ्यात हार.

३. पाय खुर्चीवरून सोडल्यासारखे, दोन्ही हात तुटलेले, छातीवर दगड खडबडीत, आसनाखाली चाक आणि दोन हरणं.

४. वस्त्र नाही, उभी मूर्ती, हात दोन्ही बाजूंना सरळ, डोक्यावर नागाचा फणा.

उत्तरं झाकून ठेवा आणि आधी स्वतः प्रयत्न करा.

(उत्तरं : १. मारावर विजय मिळवणारा बुद्ध, भूमिस्पर्शमुद्रा. २. बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. ३. उपदेश करणारा बुद्ध, धर्मचक्रप्रवर्तनमुद्रा. हात नसले तरी हरणांनी साक्ष दिली! ४. जैन तीर्थंकर पार्श्वनाथ.)

चारही बरोबर आली? शाब्बास! तीन आली तरी हरकत नाही. पुढच्या आठवड्यात आणखी मागे जाऊ. भाजे आणि कार्ल्याच्या जुन्या चैत्यांत शिल्पकारांनी पूजेसाठी बुद्धाची मूर्ती घडवलीच नव्हती. नुसता स्तूप होता. दुसरीकडे सांचीला त्यांनी रिकामं आसन, पिंपळाचं झाड आणि पावलांचे ठसे कोरले. मूर्ती नसताना लोक बुद्धाला ओळखत कसे, ते तेव्हा पाहू. तोवर आपले दोन्ही हात छातीसमोर आणा आणि ते चाक जमतं का बघा!